दुकान देखणं, पण दार कुठे?

"ताई, मला नाही हो जमत हे. आमच्यासारखीचं काम नाही ते."

असं म्हणून तिनं मोबाइल माझ्या हातात परत दिला आणि पदरानं बोटं पुसली. जणू तिच्या बोटांनी त्या काचेला डागच पडला असता!

मैत्रिणींनो, ही बाई काही लेचीपेची नाही. आमच्या बचत गटातली सगळ्यात सुबक हाताची कारागीर आहे ती. जुन्या पैठणीचा काठ हलक्या हातानं उसवून त्याची पर्स शिवावी तर तिनंच. अस्तराला एक सुरकुती दिसणार नाही. शिक्षण सातवीपर्यंतच, पण गटाचा हिशेब तोंडपाठ. आणि ज्या वेबसाइटवर तिला स्वतःची पर्स शोधायला सांगितली होती, ती वेबसाइट दुसऱ्या कुणाची नव्हती, आमच्याच गटाची होती! दहा मिनिटं ती बोट फिरवत बसली. पर्स काही सापडली नाही. आणि दोष कुणाला दिला? स्वतःला.

त्या दुपारपासून हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून आज हा विषय.

झालं होतं असं. आमच्या पर्स आणि बटवे प्रदर्शनात चांगले खपतात. पण प्रदर्शनं वर्षातून दोन-तीन. तेव्हा वेबसाइट करायचं ठरलं. माझा पुतण्या पुण्यात हेच काम करतो. तो म्हणाला, "काकू, जून २०२५ मध्ये आपली कोल्हापुरी चप्पल मिलानच्या फॅशन शोमध्ये दिसली, केवढी चर्चा झाली! मग तुमच्या पैठणीच्या पर्सनं काय घोडं मारलंय? फक्त साइट साधी नको. परदेशातल्या भारी ब्रँडची असते ना, तशी रॉयल करू." आम्हाला ऐकून गुदगुल्या झाल्या. चाळीस हजारांत ठरलं, गटाच्या खात्यातून पंधरा हजार आगाऊ दिले. हे पैसे काही माझे नव्हते. महिन्याला शंभर-शंभर रुपये घालून बायकांनी साठवलेले. म्हणूनच साइटचा कच्चा नमुना आला आणि आमच्या कारागिरालाच तो उघडता येईना, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

मग मी ठरवलं, ज्यांची नक्कल करायला निघालोय ती मूळ साइट तरी बघू कशी असते! एका दुपारी आम्ही पाच जणी मोबाइल घेऊन बसलो. परदेशी महागड्या पर्स, घड्याळं, अत्तरं विकणाऱ्या चार-पाच कंपन्यांच्या साइट्स पाहिल्या. नावं लिहीत नाही, कारण खोड एकट्या कुणाची नव्हती.

पहिली साइट उघडली तर वाळवंट! वाळूतून एक उंच मुलगी चालत्येय, मागे संगीत. बराच वेळ गोल चक्र फिरत राहिलं, मग ती मुलगी थोडी चालली, मग परत चक्र. तोवर माझा दिवसाचा निम्मा डेटा संपला. पर्स कुठाय? तिच्या हातात, दाण्याएवढी! दुसऱ्या साइटवर पानभर पांढरं आणि मधोमध फिकट करड्या रंगात मुंगीएवढी अक्षरं. माझ्या सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. त्या म्हणाल्या, "यात काही लिहिलंय का? मला तर कोरा कागद दिसतोय." तिसरीत पर्स दिसली, पण किंमत नाही. किमतीसाठी म्हणे 'आमच्याशी संपर्क साधा'. चौथीत जरा कुठे बघायला लागलो तोच मधे पाटी आडवी. ई-मेल द्या, मग पुढे जा. ती पाटी बंद करायची फुली कोपऱ्यात, तीही करडी! आणि पर्सची लांबी-रुंदी किती, आतून कशी, खांद्याला लावायचा पट्टा निघतो का, हे शोधता शोधता नाकी नऊ आले.

आमच्यातली एक जण हसून म्हणाली, "अगं, हे तर त्या काचेच्या शोरूमसारखं आहे. दारातला वॉचमन आधी आपल्या चपला बघतो!"

किती खरं बोलली! आपल्याकडचं साड्यांचं दुकान आठवा. गादीवर बसवतात, पाणी विचारतात, एकापाठोपाठ एक घड्या मोडून पदर उलगडून दाखवतात. "घ्या ना वहिनी, हात लावून बघा." पन्नास साड्या बघून काही न घेता उठलो, तरी "परत या" म्हणतात. अंगणातच बोलावल्यासारखं वाटतं. आणि तिथे, त्या देखण्या साइट्सवर, आपण कुणाच्या तरी महालात चोरपावलांनी शिरलोय असं वाटत राहतं.

मी जरा वाचून काढलं. हे असं का, त्याची एक गंमत आहे. महागड्या वस्तूंच्या धंद्यात थोडं अंतर राखणं हाच धंदा असतो. सगळ्यांना सहज मिळाली तर ती वस्तू 'खास' कशी राहील? इंटरनेटचं काम नेमकं उलटं, जे लांब आहे ते जवळ आणायचं. त्यामुळे हे मोठमोठे ब्रँड सुरुवातीला इंटरनेटला बिचकूनच होते. फ्रान्सची शनेल कंपनी तर अत्तरं आणि मेकअपचं सामान साइटवरून विकते, पण कपडे आणि प्रसिद्ध हँडबॅगा मात्र नाही. त्या हव्या तर दुकानात या. हे निदान सरळ तरी आहे. विकायचं नाही तर नाही म्हणा. पण ज्यांना विकायचं आहे त्यांनीही दार लपवून ठेवावं, याला काय म्हणायचं?

पूर्वी तर याहून वाईट होतं म्हणे. २००० च्या दशकात अशा बहुतेक साइट्स 'फ्लॅश' नावाच्या तंत्रावर बनायच्या. उघडलं की आधी हलतं-बोलतं चित्र, नाटकाआधीच्या नांदीसारखं. लोक काय करायचे, 'स्किप इंट्रो' असं बटण शोधून ती नांदी ओलांडायचे! पुढे आयफोन आला, त्यात फ्लॅश चालेना, आणि कित्येक देखण्या साइट्स त्यावर उघडेचनात. शेवटी ३१ डिसेंबर २०२० ला कंपनीनंच फ्लॅश बंद केलं. ज्यांनी सगळा डोलारा त्यावर उभा केला होता, त्यांचा पायाच गेला.

याबाबतीत एक गोष्ट तर आपण सगळ्यांनी ऐकण्यासारखी आहे. 'बू डॉट कॉम'ची गोष्ट.

१९९८ मध्ये एर्न्स्ट माल्मस्टेन, कायसा लिअँडर आणि पॅट्रिक हेडेलिन या तीन स्वीडिश तरुण मंडळींनी लंडनमध्ये ही कंपनी काढली. जगभरातल्या फॅशनेबल कपड्यांचं आणि बुटांचं इंटरनेटवरचं सगळ्यात झकपक दुकान त्यांना उघडायचं होतं. पैसे घालणाऱ्यांत कोण होतं माहितीये? लुई व्हितॉन वगैरे ब्रँड ज्यांच्या समूहाचे, ते बर्नार आर्नो, आणि इटलीचं बेनेटन घराणं! म्हणजे कपड्यातलं कळणारी माणसं. उद्घाटनाची तारीख कितीदा पुढे गेली आणि अखेर नोव्हेंबर १९९९ मध्ये साइट सुरू झाली, एकदम १८ देशांसाठी.

काय नव्हतं त्यात? बूट गोल गोल फिरवून बघा, पुतळ्याच्या अंगावर कपडे घालून बघा. शिवाय 'मिस बू' नावाची चित्रातली पोरगी, विक्रेतीसारखी सोबत करायला. कल्पना एकेक अशा की आजही कौतुक वाटावं. फक्त एक गोष्ट ते विसरले. गिऱ्हाइकाच्या घरी काय आहे? त्या काळी बहुतेकांच्या घरी टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट. तो किर्र आवाज आठवतो ना? त्यावर ही जड साइट उघडायला मिनिटंच्या मिनिटं लागायची. एकातून दुसरी खिडकी उघडायची. ॲपलच्या मॅक कॉम्प्युटरवर तर सुरुवातीला ती चालायचीच नाही. लोक वाट बघायचे, कंटाळायचे, निघून जायचे. नंतर साइट हलकी केली, पण तोवर उशीर झाला होता. १८ मे २००० ला कंपनी बुडाली. सुरू होऊन सहा महिने झाले होते, आणि सुमारे साडेतेरा कोटी डॉलर खर्ची पडले होते.

आता खरं सांगायचं तर बुडण्याचं कारण एवढं एकच नव्हतं. उधळपट्टीही भारी होती. चालवणाऱ्यांचाच त्यावर 'बू हू' नावाचा पुस्तकरूपी कबुलीजबाब २००१ मध्ये आला. पण दुकानात माणूस शिरूच शकला नाही, तर माल कितीही उंची असो, गल्ल्यात काय पडणार?

आणि गंमत बघा. बू बुडाली त्याच्या पुढच्याच महिन्यात, जून २००० मध्ये, त्याच लंडनमध्ये नॅटली मॅसनेट नावाच्या बाईनं आपल्या राहत्या फ्लॅटमधून 'नेट-अ-पोर्टर' सुरू केलं. ती आधी फॅशनच्या मासिकात पत्रकार होती. तिला एक नेमकं ठाऊक होतं, बायका मासिक कसं वाचतात! सोफ्यावर बसून, पान उलटत, आवडलं तिथं थांबत. तिनं साइट तशीच केली. मासिकासारखी मांडणी, आणि जे आवडलं ते तिथंच विकत घ्यायची सोय. डामडौल तिनं कुठे ठेवला? तर घरी येणाऱ्या पार्सलात! काळा खोका, त्याला रिबीन, आत मऊ कागद. म्हणजे थाट वस्तू हातात येताना, आणि ती शोधताना मात्र सोपं. २०१० मध्ये रिशमाँ या स्विस कंपनीनं हे दुकान विकत घेतलं. पुढे त्याचेही चढउतार झाले, मालक बदलले. पण महागडी वस्तू इंटरनेटवर विकताच येत नाही, हा समज त्या फ्लॅटमधल्या बाईनं खोटा ठरवला.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघितल्या की कळतं. पहिल्यांनी विचार केला, 'आपण किती भारी दिसू?' दुसरीनं विचार केला, 'समोरची कशी बसली असेल, तिला काय हवं असेल?' आपण नाही का, पाहुण्यांना जेवायला वाढताना नक्षीदार ताट शोधतो, पण आजेसासऱ्यांना दात नाहीत म्हणून भाकरी कुस्करून देतो. देखणेपणा आणि माया यांचं भांडण नसतंच मुळी. माया विसरली की मात्र देखणेपणा टोचायला लागतो.

याकोब नील्सन म्हणून या विषयातले एक डॅनिश तज्ज्ञ आहेत. त्यांनी २००० मध्ये एक साधी गोष्ट सांगितली. साइट चांगली की वाईट हे ठरवायला हजारो माणसांची पाहणी नको. पाच माणसं बसवा, त्यांना एक काम द्या आणि तुम्ही गप्प बसून बघा. कुठे अडतात ते दिसेल, बहुतेक चुका तेवढ्यात कळतात. हे वाचून मला हसूच आलं. आम्ही त्या दुपारी पाचच जणी होतो की! यातला अवघड भाग 'गप्प बसणं' हा आहे. कारण समोरची अडली की आपल्याला लगेच "अगं, तिथे दाब ना" म्हणायची सवय. आणि तसं म्हटलं की चूक साइटची असते ती बाईची होऊन जाते.

अक्षरांचंही तसंच. सासूबाईंना जे दिसलं नाही, तो त्यांच्या डोळ्यांचा दोष मानून मी सोडून दिलं असतं. पण वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठी जागतिक पातळीवर १९९९ पासून लिखित नियम आहेत. अक्षराचा रंग आणि मागचा रंग यांत किती फरक हवा, त्याचंसुद्धा माप ठरलेलं आहे, साध्या मजकुराला किमान साडेचारास एक. पांढऱ्यावर फिकट करडं या मापात बसत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही ३० एप्रिल २०२५ च्या निकालात म्हटलं, की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. दाद मागायला गेले होते ते ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे गेलेले, आणि दृष्टिहीन नागरिक. ओळख पटवायला 'डोळे मिचकावा' असं सांगणाऱ्या यंत्रापुढे ते अडले होते. त्यांनी 'आम्हाला नाही जमत' म्हटलं नाही. 'तुमचं यंत्र चुकलंय' असं म्हटलं. केवढा फरक आहे या दोन वाक्यांत!

खरेदीच्या बाबतीतही आपण अगदीच निराधार नाही बरं का. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विकणाऱ्यानं एकूण किंमत, ती कशाकशाची मिळून झाली ते, माल कुठल्या देशातला आणि परत करायचे नियम काय, हे आधी दाखवायला हवं. तक्रार अधिकारी नेमायला हवा. त्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायला हवा. आणि ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं साइटवरच्या १३ फसव्या युक्त्यांवर बंदी घातली. 'शेवटचे दोनच नग' अशी खोटी घाई, टोपलीत न सांगता टाकलेली वस्तू, शेवटच्या पानावर अचानक वाढलेली किंमत, ही त्यातली काही. अडचण आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर फ्रीजवर चिकटवून ठेवा. महाग वस्तू असेल तर पैसे भरण्याआधी शेवटच्या पानाचा फोटो काढून ठेवायची सवयही लावून घ्या.

हं, तर आमच्या साइटचं काय झालं?

पुतण्याला बोलावलं. रविवारी आला. मी म्हटलं, "तू आज फक्त चहा प्यायचास आणि गप्प बसायचंस." पाच बायका एकेक करून बसल्या. काम एकच, निळ्या काठाची पर्स शोधायची आणि तिची किंमत सांगायची. पहिली अडली तेव्हा तो खुर्चीतून अर्धा उठला, मी डोळ्यांनीच बसवला. तिसरी अडली तेव्हा त्यानं कप खाली ठेवला. पाचवीपर्यंत पोरगं अगदी गंभीर झालं होतं. म्हणाला, "काकू, यांना येत नाही असं नाहीये. मीच तीन आडव्या रेघांच्या मागे सगळं लपवलंय. त्या रेघा म्हणजे यादी, हे मला माहीत, यांना कोण सांगणार?"

गुणी आहे पोरगा. पंधरा दिवसांत त्यानं सगळं बदललं. व्हिडिओ काढून टाकला. रेघांऐवजी सरळ मराठीत 'पर्स', 'बटवे', 'किंमत', 'फोन करा'. अक्षरं काळी आणि ठसठशीत. किंमत फोटोच्या खालीच, पाठवायचा खर्च धरून. 'रॉयल'पणा गेला का? मुळीच नाही. पैठणीचा मोरपंखी काठ पानभर असा झळकतो की बाकी कशाची गरजच वाटत नाही.

मग परत मोबाइल आमच्या त्या कारागीर बाईच्या हातात दिला. तिनं नको नको म्हणत घेतला. मिनिटही लागलं नसेल, पर्स सापडली! माझ्याकडे बघून हसेल असं वाटलं होतं. पण ती हसली नाही. कपाळाला आठ्या घालून फोटो मोठा करून बघत बसली आणि म्हणाली, "ताई, हे बरोबर नाही. आतला खण दाखवलाच नाही यात. बायका पर्स उघडून आधी तोच बघतात."

पुतण्यानं मुकाट्यानं वहीत लिहून घेतलं.

दहा मिनिटांत 'आमच्यासारखीचं काम नाही' म्हणणारी बाई आता साइटच्या चुका काढत होती. मैत्रिणींनो, पुढच्या वेळी एखाद्या चकचकीत साइटवर तुम्ही अडलात, घरातलं कुणी "तुला नाही जमणार, दे इकडे" म्हणालं, तर फोन लगेच देऊ नका. आधी एवढंच विचारा, दार मला सापडत नाहीये, की यांनी ते लावलंच नाहीये?